कोथरूडचं घर विक्रीसाठी लावताना: कामाच्या नोंदी

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

जानेवारीत आई नाशिकला दादाकडे राहायला गेली, तेव्हापासून घर बंद आहे. मे-जूनमध्ये एजंटने तीन गिऱ्हाइकं आणली. तिघंही दहा मिनिटांत बाहेर पडली. एकाने जिना उतरताना म्हटलं, "अंधार आहे हो फार." ते वाक्य दोन महिने टोचतंय. आमची बाल्कनी पूर्वेला आहे. लहानपणी सकाळी अभ्यासाला बसलो की ऊन पुस्तकावर यायचं आणि आम्ही सरकून बसायचो. त्या घराला कोणी अंधारं म्हणावं?

म्हणून आज वही घेऊन आले आणि घर विकत घ्यायला आल्यासारखी दारातून आत शिरले. जे जसं भेटलं, ते त्याच क्रमाने लिहिलं. आधी वास: डांबरगोळ्यांचा, ओलीचा आणि गटाराचा. मग चपलांचं लोखंडी स्टँड, त्याला वळसा घातल्याशिवाय आत जाता येत नाही. मग शोकेस. भिंतभर पसरलेलं, अर्धं खिडकीवर आलेलं. मग दिवाण, शिलाई मशीन, तीन जणांचा सोफा, वरच्या ट्यूबलाइटचा निळसर पांढरा उजेड. बाल्कनीला १९९८ च्या सुमारास बाबांनी पावसासाठी हिरवा फायबरचा पत्रा बसवला होता. तो आता इतका काळवंडलाय की ऊन त्याच्यावरच थांबतं. अंधार घराचा नाही. आम्ही तीस वर्षं थोडा थोडा करून आत आणून ठेवलेला आहे.

गटाराच्या वासाचं कारण सोपं निघालं. घर बंद राहिलं की बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या भांड्यातलं, पाणी सुकतं. ते पाणीच खालच्या पाइपातला वास अडवून धरत असतं. दोन्ही बाथरूमांत आणि स्वयंपाकघराच्या मोरीत बादली-बादली पाणी ओतलं, तासाभरात वास गेला. सहा महिने हे माझ्या लक्षात आलं नाही याचं वाईट वाटलं, कारण ती तिन्ही गिऱ्हाइकं त्या वासातूनच आत आली होती.

दादाशी फोनवर बोलून दोन गोष्टी ठरवल्या. खर्च १ लाख १० हजारांच्या वर जाऊ द्यायचा नाही. आणि घटस्थापनेला, म्हणजे २२ सप्टेंबरला, घर दाखवायला तयार असलं पाहिजे. पितृपक्षात कोणी घराचा विषय काढत नाही, तेवढ्यात मोठी कामं उरकायची.

१९ ऑगस्ट

भाचीने गेल्या वर्षी न्यू जर्सीत घर विकलं. तिच्या एजंटने आधी सगळे कौटुंबिक फोटो उतरवायला लावले होते आणि हॉलसाठी फर्निचर भाड्याने आणवलं होतं. "आत्या, इथे याला स्टेजिंग म्हणतात, त्याची वेगळी माणसं असतात," असं तिने सांगितलं. मी ते आईला सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे घर लावायचं. पाहुणे यायच्या आधी लावतो तसं."

वहीच्या पहिल्या पानावर तेच लिहून ठेवलं: घर लावायचं.

२३ ऑगस्ट, शनिवार

आवराआवरी, पहिला दिवस. दादा आणि वहिनी सकाळी नाशिकहून आले. व्हिडिओ कॉलवर आई. नियम एकच: आईला विचारल्याशिवाय काही बाहेर जाणार नाही. त्यामुळे काम सावकाश झालं, पण भांडण एकही झालं नाही. वेळ यात जाणार हे गृहीत धरूनच तारीख ठरवायला हवी.

चार ढीग केले. नाशिकला न्यायचं, माझ्याकडे यायचं, देऊन टाकायचं, भंगार. माळ्यावरून निघालं: तांब्याचे दोन हंडे, पितळी घंगाळ, पाटा-वरवंटा, लग्नातल्या खुर्च्यांच्या उश्या, तीन मिक्सर (तिन्ही बंद), दादाच्या कॉलेजची ड्रॉइंग शीट्स, बाबांनी जपलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे. अंक जवळच्या वाचनालयाने आनंदाने घेतले. वर्तमानपत्रांची रद्दी १४० किलो भरली, १४ रुपये किलोने १,९६० रुपये आले. दिवाण आणि शोकेस सोसायटीच्या वॉचमनच्या गावाकडच्या घरासाठी दिलं. टेम्पो त्याने आणला.

शोकेस हललं आणि खिडकी उघडली, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. ऊन नव्हतंच, नुसता उजेड. वहिनी हातातलं फडकं घेऊन तशीच उभी राहिली. म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हापासून ही खिडकी मी अर्धीच बघितलीय."

२४ ऑगस्ट

आवराआवरी, दुसरा दिवस. हिरवा पत्रा काढला. बाल्कनीतल्या कपड्यांच्या दोऱ्या काढल्या. उद्या परवा काम नाही, गणपतीची तयारी.

३० ऑगस्ट, शनिवार

आज प्लंबरला बोलावलं होतं, पॅसेजच्या छतावरच्या डागासाठी. डाग जेवणाच्या ताटाएवढा, कडेने पिवळी रेघ, मध्ये रंगाचे पापुद्रे. आम्ही तो तीन-चार वर्षं बघतोय आणि दर दिवाळीला त्यावर रंगाचा हात मारतोय.

त्याच्या वर वरच्या काकूंचं बाथरूम येतं. प्लंबरने त्यांच्या नहाणी ट्रॅपभोवती लाल रंग घातलेलं पाणी ओतलं आणि आम्ही खाली येऊन बसलो. तासाभराने डागाच्या कडेला गुलाबी छटा उमटली. पाइप फुटलेला नाही. ट्रॅपच्या भोवतीचा सांधा सुटलाय, अंघोळीचं पाणी तिथून स्लॅबमध्ये उतरतंय.

संध्याकाळी एजंटला कळवलं. तो म्हणाला, "मॅडम, वर कशाला जाता? खरवडून वॉटरप्रूफ पुट्टी मारा, दोन हात रंग. दिवाळीपर्यंत काही दिसणार नाही. तोवर व्यवहार होऊन जातो." त्याने ते अगदी सहज, मदत म्हणून सांगितलं. मला रात्री झोप लागली नाही. ज्याचं आयुष्यभराचं कर्ज या घरात जाणार, त्याच्या पहिल्याच पावसाळ्यात हे छत फुगणार, आणि ते मला आज माहीत आहे.

३१ ऑगस्ट

मैत्रीण वकील आहे, तिला विचारलं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष असेल, तर तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा, आणि माझ्या पॅसेजच्या छताबद्दलच बोलतोय असं वाटलं. पुट्टीखाली झाकलेली ओल ही नेमकी "साधारण काळजी घेऊनही न सापडणारी" गोष्ट होते.

घर लावायचं म्हणजे काय आणि काय नाही, याची रेघ माझ्यापुरती आज आखली गेली. पसारा काढणं, उजेड येऊ देणं, फरशी घासणं, खोली कशासाठी आहे ते कळेल अशी मांडणं, यातलं काहीही करताना घेणाऱ्याला घर जास्त नीट दिसतं. ज्या कामाने त्याला घर कमी दिसेल, ते करायचं नाही.

वरच्या काकूंकडे गेले. आज गौरी यायच्या, घरात रांगोळीची पावलं काढलेली. चहा झाला, मग विषय काढला. काकूंनी लगेच मान्य केलं, पण म्हणाल्या, "अगं, गौरी उठू देत. परवा विसर्जन झालं की तेरवा फोड काय फोडायचं ते." नियमाप्रमाणे अशी गळती वरच्या फ्लॅटवाल्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते, गच्चीची गळती असेल तर सोसायटीने. काकू एकट्या, पेन्शनवर. आईने सांगितलं, निम्मे आपण देऊ. त्यांनी आईच्या दुखण्यात महिनाभर डबा पाठवला होता.

३–४ सप्टेंबर

काकूंच्या बाथरूमचं काम झालं. ट्रॅपभोवतीच्या चार फरश्या काढल्या, सांधा पुन्हा भरला, वॉटरप्रूफिंगचे दोन थर, फरश्या परत. एकूण ९,५००, आमचे ४,७५०. बिल जपून ठेवलं, आधीचे-नंतरचे फोटो काढले.

खाली आमच्या छताचा सुटलेला गिलावा ठोकून काढला. स्लॅबची एक सळई उघडी दिसली, वर गंज होता पण पोकळ झालेली नव्हती. घासून गंजरोधक लावला आणि नवीन गिलावा केला. आता वाळण्याची वाट. टेबलफॅन त्या दिशेने लावून ठेवलाय.

७ सप्टेंबर

फरशीचा प्रश्न. १९९१ ची इमारत, सगळीकडे मोझॅक टाइल्स. एजंटचं मत: "मोझॅक बघितलं की लोक मागे फिरतात, वरून व्हिट्रिफाइड टाका." तसं केलं तर सगळी दारं खालून कापावी लागतात, उंबऱ्यापाशी पायरी होते आणि सगळं बजेट एकट्या फरशीत जातं. शिवाय मला ती फरशी आवडते. हे कारण वहीत लिहायला हरकत नाही.

पॉलिशवाल्याने कोपऱ्यातली एक टाइल घासून दाखवली. मळकट तपकिरी थराखालून पिवळे, काळे आणि मधूनच विटकरी संगमरवरी तुकडे वर आले. एवढ्या वर्षांत मी ती फरशी इतकी स्वच्छ कधी पाहिली नव्हती. तो म्हणाला, "ताई, कोणी ॲसिड मारायचं सुचवलं तर मारू देऊ नका." संगमरवर म्हणजे चुनखडीच, ॲसिडने ते तुकडे झिजतात आणि फरशी खडबडीत होऊन आणखी मळ धरते. आईच्या बाथरूमसमोरचा पट्टा असाच पांढुरका झालाय, दर आठवड्याच्या टॉयलेट क्लीनरने.

क्रमाबद्दलही त्यानेच सावध केलं. मशीन पाण्यावर चालतं, चिखल भिंतीवर फूटभर उडतो. आधी फरशीचे कट, म्हणजे मशीनने घासण्याचे हात, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी पावडरचं पॉलिश. मी रंगाऱ्याला आधी बोलावलं होतं. लगेच फोन करून तारीख पुढे ढकलली.

९–१० सप्टेंबर

फरशीचे तीन कट झाले. ५२० चौरस फूट, २८ रुपये दराने १४,५६०. दोन दिवस इमारतभर आवाज. खालच्या मजल्यावर बाळ आहे, म्हणून दुपारी एक ते चार मशीन बंद ठेवलं.

१२ सप्टेंबर

रंगकाम सुरू. हॉलला पिस्ता, एका बेडरूमला गुलाबी, स्वयंपाकघराला छातीपर्यंत ऑइलपेंट. आम्हाला ते रंग घराचेच वाटतात. पण परक्या माणसाला पिस्ता रंगाची खोली दिसते, खोली दिसत नाही. आईला पांढरा नको होता. "दवाखाना वाटेल." शेवटी सायीसारखा, किंचित पिवळट रंग ठरला. छत मात्र पांढरं.

रंगाऱ्याशी एका गोष्टीवर अडून बसले: ऑइलपेंटवर सरळ इमल्शन मारायचं नाही. गुळगुळीत ऑइलपेंटला वरचा रंग धरत नाही, वर्षभरात साल निघावी तसा निघतो. पॉलिशपेपरने घासून त्याची चकाकी मारायची, मग प्रायमर. एक दिवस वाढला.

भिंतींवर खिळे किती? मोजले. एकशे सात. कॅलेंडरचे, फोटोंचे, गणपतीच्या मखराचे, घड्याळाच्या जुन्या जागेचे. सगळी भोकं लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरली.

१३ सप्टेंबर, शनिवार

सुतार आला. ओट्याखालच्या कपाटांच्या दारांचा प्लाय पाण्याने फुगलाय, सगळी दारं बदलायची. ओटा कडप्प्याचाच ठेवला, धुण्याच्या सोड्याने घासून वर तेलाचा हात दिला की छान काळा दिसतो.

सिलिंडरच्या कपाटाचं दार त्याने काढून भिंतीला टेकवलं आणि मला हाक मारली. आतल्या बाजूला आईचं अक्षर. "गॅस लावला १२/३." "गॅस लावला ३०/४." खाली खाली, मग दुसरी ओळ, तिसरी. बॉलपेन, पेन्सिल, एके ठिकाणी माझ्या कंपासपेटीतलं जांभळं स्केचपेन. साल कुठेच नाही. पण सलग वाचलं की कळतं: मे महिन्यात सिलिंडर लवकर संपतो, कारण भाचरं यायची आणि वाळवणं-लोणची चालायची. एके ठिकाणी दोन तारखांमध्ये तब्बल चार महिने आहेत. तेव्हा बाबा हॉस्पिटलमध्ये होते, घरात स्वयंपाक नव्हता. पुढे पुढे अंतर वाढत जातं. शेवटी एक सिलिंडर आईला सव्वातीन महिने पुरलाय.

सुतार म्हणाला, "वर पेपर घासून देऊ का? दार चांगलं आहे, दुसरीकडे लागेल." मी नको म्हटलं. ते दार गाडीत घालून माझ्या घरी आणलंय. नवीन दारं बसली, सॉफ्ट क्लोजची बिजागरं लावली. स्वयंपाकघर आता स्वच्छ आहे, आणि आता ते कोणाचंच नाही. तसंच हवं होतं. तरी आज घरी लवकर आले.

१४ सप्टेंबर

पॅसेजच्या छतावर फूटभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवलं होतं. सकाळी आतल्या बाजूला थेंब. म्हणजे ओल स्लॅबमधूनच येतेय, अजून वाळलेलं नाही. थेंब प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला असते तर हवेतला दमटपणा म्हटलं असतं. पॅसेजचा रंग थांबवला, बाकी खोल्या चालू.

१५ सप्टेंबर

रात्रभर पाऊस. रंग वाळत नाही, दुसरा हात उद्यावर.

१७ सप्टेंबर

आज मांडणीवर विचार. सामान गेल्यावर खोल्या रिकाम्या झाल्या आणि गंमत म्हणजे लहान वाटू लागल्या. रिकाम्या खोलीत डोळ्याला माप मिळत नाही. इथे पलंग मावेल का, कपाट उघडेल का, हे पाहणाऱ्याला ठरवता येत नाही. म्हणजे सगळं काढणं हेही घर लावणं नव्हे.

मागची बेडरूम गेली पंधरा वर्षं अडगळीची खोली होती. तिथे शिवणयंत्र, धान्याच्या कोठ्या, दादाची सायकल. तिन्ही गिऱ्हाइकांनी तिला "स्टोअर" म्हटलं होतं, म्हणजे आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट त्यांनी एका बेडरूमचा म्हणून पाहिला. किमतीच्या दृष्टीने सगळ्यात महाग पडलेली गोष्ट हीच असणार. आता तिथे आईचा एकेरी पलंग, खिडकीखाली माझं जुनं अभ्यासाचं टेबल, एक खुर्ची, एक दिवा. बस. चार वस्तूंनी ती खोली परत खोली झाली.

हॉल १५ बाय १०. सोफा भिंतीला नेऊन बाल्कनीची वाट मोकळी केली. बाल्कनीत वेताच्या दोन खुर्च्या भाड्याने. तुळस तिथेच. चार माणसांचं जेवणाचं टेबल खिडकीपाशी, जिथे शोकेस होतं. ट्यूबलाइट काढून एलईडी लावले, सगळे एकाच छटेचे, ४००० केल्विन. एका खोलीत निळसर आणि एका खोलीत पिवळा उजेड असला की नवा रंगसुद्धा मळका दिसतो.

देवांचे फोटो आणि बाबांचा फोटो याबद्दल दादाशी बोलले. देव जानेवारीतच नाशिकला गेले. बाबांचा फोटो हॉलमध्ये होता. दादा म्हणाला, "तू उतरव, माझ्याच्याने होणार नाही." उतरवला.

१९ सप्टेंबर

प्लास्टिकखाली थेंब नाही. दोन रात्री लागोपाठ कोरडं. उद्या पॅसेजला प्रायमर आणि रंग.

२० सप्टेंबर

दोन बायका दोन दिवस स्वच्छतेला होत्या: खिडक्यांच्या चौकटी, ग्रिल, स्विचबोर्ड, पंख्यांची पाती, बाथरूमच्या फरश्यांचे सांधे व्हाइट सिमेंटने. फरशीला शेवटचं पावडर पॉलिश. दारावर नवीन घंटी, आईच्या नावाची पितळी पाटी घासून तीच ठेवली. विकलं जाईपर्यंत घर तिचंच आहे.

खर्चाची बेरीज: गळती ४,७५०, फरशी १४,५६०, रंग सामानासकट ४६,०००, सुतार १३,५००, प्लंबर आणि नळ ६,८००, वीज ७,२००, स्वच्छता ४,५००, पडदे-चादरी-खुर्च्यांचं भाडं ८,३००. एकूण १,०५,६१०. छताच्या तुकड्याचा गिलावा रंगाऱ्याने आपल्यातच धरला.

सीएंशी बोलणं झालं. रंगरंगोटी भांडवली नफ्यात सुधारणेचा खर्च म्हणून धरता येणार नाही, एजंटची दलाली मात्र वजा होईल. घर २००१ च्या आधीचं असल्यामुळे १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत खरेदीची किंमत म्हणून धरता येते, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल करून ठेवायचा. हे काम माझ्या यादीत उशिरा आलं. आधीच व्हायला हवं होतं.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

फोटो काढले. सकाळी साडेआठ ते साडेनऊ, सगळे पडदे उघडे, सगळे दिवे चालू. मोबाइल आडवा, छातीच्या उंचीवर, खोलीच्या कोपऱ्यातून. वाइड लेन्स वापरली नाही. त्या लेन्समध्ये आमचा हॉल लग्नाच्या कार्यालयाएवढा दिसतो, आणि माणूस प्रत्यक्ष आला की त्याचा चेहरा दारातच उतरतो.

एजंटने सुचवलं होतं की रिकाम्या खोल्यांचे फोटो द्या, संगणकावर फर्निचर घालून देतो. नाही म्हटलं. जे फोटोत आहे ते दार उघडल्यावर दिसलं पाहिजे. दोन फोटो जास्तीचे दिले: एक बाल्कनीतून दिसणारा गुलमोहर, एक पार्किंगचा, जसं आहे तसं अरुंद.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

जाहिरात लावली. वेळ फक्त सकाळी साडेआठ ते अकरा. एजंट कुरकुरला, पण ज्या वेळी घर सगळ्यात चांगलं असतं त्या वेळी ते दाखवायचं, हे पाहुण्यांच्या बाबतीतही आपण करतोच.

२४ सप्टेंबर

पहिलं गिऱ्हाईक. दारातच मोबाइलमधला होकायंत्र उघडला. दार पश्चिमेला. "थँक यू." आत आलेच नाहीत.

दुसरे गृहस्थ आले ते जिन्यातच बोलू लागले. प्लॉट किती, सभासद किती, कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, रीडेव्हलपमेंटचा ठराव कधी? घर उघडून दाखवायला लागले तर म्हणाले, "घराचं काय, ते पडणारच आहे." कोथरूडमध्ये हे आता सर्रास आहे, गल्लीत दोन जुन्या इमारती पाडून झाल्यात. आमच्या सोसायटीत चर्चाही सुरू नाही, ते खरं ते सांगितलं. ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं की महिनाभराचं हे काम त्यांच्यासाठी नव्हतंच. इथे राहायला येणारं कोणीतरी हवं. एजंटला तसं स्पष्ट सांगितलं.

२६ सप्टेंबर

आई आली. नाशिकहून पहाटेच्या गाडीने, दादाबरोबर, न सांगता. दार मी उघडलं. ती उंबऱ्यात थांबली, काही बोलली नाही. मग सरळ बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसली. ऊन पायांवर आलं होतं. बराच वेळाने म्हणाली, "हे असं आपण राहताना का नाही केलं गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा केला. तिने ओट्याखालचं नवीन दार उघडून आत बघितलं आणि लावलं. जुनं दार माझ्याकडे आहे हे तिला तेव्हा सांगितलं.

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी एक कुटुंब. नवरा-बायको तिशीतले, बरोबर आजी. भाड्याने आनंदनगरला राहतात, दोघंही मेट्रोने कामाला जातात. वनाज ते रामवाडी लाइनमुळे त्यांना हाच पट्टा हवाय. नवरा मोजपट्टी घेऊन फिरत होता. बायको मागच्या बेडरूमच्या टेबलाशी उभी राहिली. "इथे मला घरून काम करता येईल." आजी मात्र प्रश्न विचारत होत्या. पाणी किती वाजता येतं? वर कोण राहतं? जिना चढायला लिफ्ट नाही, मग दुसऱ्या मजल्यावर सिलिंडर कोण आणतं? देव कुठे ठेवायचे तुमचे?

आणि मग, पॅसेजमध्ये मान वर करून: "इथे ओल होती का?"

रंग ताजा, डाग शून्य. त्यांना काय दिसलं कोण जाणे, कदाचित वयाने दिसलं असेल. मी म्हटलं, "होती, आजी." सगळं सांगितलं, वरच्या बाथरूमच्या कामाचं बिल आणि फोटो दाखवले, सळईचा फोटोसुद्धा. एजंट माझ्याकडे बघत राहिला. आजींनी वरच्या काकूंना भेटायचं म्हटलं. वर गेल्या आणि अर्ध्या तासाने लाडू खाऊन खाली आल्या.

३० सप्टेंबर

तेच कुटुंब रात्री आठ वाजता पुन्हा आलं. शेजारचा आवाज, पार्किंगची गर्दी, जिन्यातला दिवा बघायला. संध्याकाळी पावसाची मोठी सर येऊन गेली होती. नवऱ्याने विचारून स्टूल घेतलं, पॅसेजच्या छताला हात लावला. कोरडं.

भाव झाला. ९४ लाख मागितले होते, ९१ वर थांबलो. आईला फोन लावला, तिने "दे" एवढंच म्हटलं.

२ ऑक्टोबर, दसरा

एक लाखाचा चेक आणि लेखी विसार पावती. तोंडी टोकन नको, हे वकील मैत्रिणीने बजावलं होतं. पावतीत व्यवहाराची मुदत, कर्ज मंजूर न झाल्यास काय, आणि गळती-दुरुस्तीचा उल्लेख, तिन्ही लिहून घेतलं. आजींनी सांगितलं, घर नातसुनेच्या एकटीच्या नावावर होणार. स्त्रीच्या नावावर खरेदीला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, पुण्यात सातऐवजी सहा टक्के. पण त्यांचं कारण वेगळं होतं. "माझ्या नावावर कधी काही नव्हतं," म्हणाल्या.

दोन्ही घरांनी एकमेकांना आपट्याची पानं दिली.

पुढची कामं: सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र, शेअर सर्टिफिकेट, हस्तांतरण शुल्क (महापालिका हद्दीत २५,००० च्या वर घेता येत नाही, सेक्रेटरींशी बोलणं झालं), खरेदीदाराकडून एक टक्का टीडीएस (किमतीतूनच कापून भरायचा कर), वीज मीटरचं नाव, गॅस जोडणी आईच्या नावावरून बंद करणं.

४ ऑक्टोबर

वेताच्या खुर्च्या परत करायला टेम्पो आला होता. नातसुनेचा फोन: आजींना त्या बाल्कनीतल्या दोन खुर्च्या मिळतील का? भाड्याच्या आहेत म्हटलं, दुकानाचा पत्ता दिला. तुळस मात्र ठेवतेय, आईने तसं सांगितलंय. रोज पाणी घालायला वरच्या काकूंकडे किल्ली दिली.